बर्फातल्या निवडणुकीचं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं एकदा ठरवलं होतं. ती आजारी होती, दवाखान्यातून घरी आणली होती आणि दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. मी तोंड उघडलं, आणि विचारलं काय — तर चहा टाकू का? ती हो म्हणाली. चहा झाला. पंधरा दिवसांनी ती गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट, आणि तीसुद्धा काय, तर सामान्य ज्ञानाच्या एका प्रश्नाचं उत्तर.

हसलात? हसा. मीही बरीच वर्षं ते हसण्यावारीच नेत होतो. एक उत्तर चुकलं, त्यात काय एवढं? जगात रोज किती मास्तर चुकतात! पण चुकणं वेगळं. मी जे केलं ते चुकण्याच्या नंतर केलं — आणि पुढं करतच राहिलो. ते सरळ सांगायला बसलोय, तरी बघा, कसा घोळ घालतोय.

मी मूळचा हिमायतनगरचा. नांदेडला शिकलो, तिथंच एका क्लासमध्ये चार वर्षं इतिहास-भूगोल शिकवला आणि भूकंपाच्या आदल्या वर्षी लातूरला आलो. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक नुकतंच उगवायला लागलं होतं. डाळ मिलच्या मागं, लॉजच्या गच्चीवर, जिथं फळा टांगायला खिळा मिळेल तिथं क्लास. डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे क्लास तालेवारांचे. माझा क्लास फौजदार, तलाठी, ग्रामसेवक व्हायला निघालेल्या पोरापोरींचा. एसटीनं यायचे, डबा सोबत आणायचे. मी चांगला शिकवायचो. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

आणि मला मिशी होती. साधीसुधी नाही, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. पोरं मला ‘मिशीवाले सर’ म्हणायची आणि ते मला आवडायचं. दर तीन महिन्यांनी मी एक खिशात मावेल एवढी पुस्तिका काढायचो, ‘हमखास शंभर’ — येत्या परीक्षेत येणारच असे शंभर प्रश्न, उत्तरांसकट. एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडंसुद्धा ती मिळायची. मागच्या पानावर मी स्वतः छापून घेतलं होतं : ‘यातलं एक जरी उत्तर चुकीचं निघालं तर मिशी उतरवीन.’ रस्त्यापलीकडं दुसरा एक क्लास होता. तिथले सर माझी पुस्तिका विकत घ्यायचे आणि तांबड्या पेनानं उत्तरं तपासत बसायचे, असं पोरं सांगायची. माझी मिशी उतरलेली बघायला ते टपलेलेच होते. म्हणजे बघा, गंमत म्हणून घातलेली पैज — पण तिच्यात माझी सगळी इज्जत जाऊन बसली होती.

आता तो प्रश्न.

माझ्या वर्गात जगाचा एक जुना नकाशा होता. त्यावर सोव्हिएत युनियन अजून एकाच गुलाबी रंगात पसरलेलं होतं. नवा नकाशा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून तो देश फुटल्यावर मीच बॉलपेननं त्यावर नव्या सीमा काढल्या होत्या. पोरांना सांगायचो, भावाभावात वाटणी झाली. मग त्यातल्या एका भावाच्या पोरानं म्हटलं, मला तुमच्यातही राहायचं नाही, आणि आपल्या तुकड्याला वेगळा बांध घातला. अशा एका तुकड्याची ही गोष्ट. डोंगरातला, मूठभर. त्याचं नाव लिहीत नाही. जगानं त्याला अजून देश मानलेलं नाही, आणि तुम्ही ते नाव ऐकलेलंही नसेल. भूकंपाला तीन वर्षं झाली होती तेव्हा त्या तुकड्याला पहिला अध्यक्ष मिळाला. पेपरात त्याबद्दल दोन ओळी आल्या होत्या. मला तेवढंच ठाऊक होतं.

त्या वेळच्या पुस्तिकेचे नव्व्याण्णव प्रश्न झाले होते. प्रेसमध्ये छपाईचे खिळे जुळवणारा माणूस हात पुसत माझ्याकडं बघत बसला होता. शेवटच्या पानावर एका प्रश्नाची जागा रिकामी. ‘हमखास शंभर’ म्हटल्यावर नव्व्याण्णव कसे चालतील? मला त्या दोन ओळी आठवल्या. मी प्रश्न केला : या प्रदेशाचा पहिला अध्यक्ष कसा निवडला गेला? पर्याय एक, लोकांनी थेट मतदान करून. दोन, सभागृहाच्या सदस्यांनी. तीन, लष्करानं. चार, शेजारच्या देशानं नेमून. उत्तर मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, लढाईतून आत्ताच उठलेला एवढासा मुलूख, घरं जळालेली, तिथं कोण निवडणूक घेतंय? चार टाळकी बसली असतील आणि एकाला केलं असेल — आपल्याकडं तेव्हा ग्रामपंचायतीचे सदस्य बसून सरपंच ठरवायचे, तसं. उत्तर लिहिलं, दोन. अर्धा कप चहा संपायच्या आत हे सगळं झालं.

तुम्ही म्हणाल, बरं, अंदाज चुकला. थांबा.

तिला मी महादेवी म्हणतो. हे तिचं नाव नाही. नाव का बदललं ते शेवटी कळेल. निलंग्याकडची, कन्नड मिसळलेलं मराठी बोलणारी, वडिलांना अप्पा म्हणणारी. भूकंपात तिची आई आणि दोन भाऊ गेले. ती आणि अप्पा त्या रात्री शेतात राखणीला होते, म्हणून राहिले. तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली तरी मुलगी क्लास चुकवायची नाही. मदतीत मिळालेल्या वह्यांमध्ये लिहायची. वहीच्या कव्हरवर कुठल्याशा परदेशी संस्थेचा शिक्का असायचा. तिला फौजदार व्हायचं होतं. का, ते तिनं एकदा सांगितलं होतं. भूकंपानंतर जीपा भरभरून बघे यायचे गाव बघायला. एक फौजदार काठी घेऊन त्यांना हाकलत होता. त्यानं हिला आपली पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, बाळ, तुझं काय राहिलंय आत? एवढ्या गर्दीत हे विचारणारा तो एकटाच माणूस होता. म्हणून फौजदार.

आत काय राहिलं होतं, तर त्यांचा रेडिओ. चौथ्या दिवशी ढिगारा उपसताना जवानांना तो सापडला. नवे सेल घातले आणि लागला की! शेडमध्ये रोज सकाळी परदेशी केंद्राच्या हिंदी बातम्या ऐकायला पंधरा-वीस माणसं अप्पांभोवती जमायची. अप्पांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठल्या देशात काय चाललंय ते ठाऊक असायचं.

पुस्तिका वाटली त्याच्या दुसऱ्या दिवशी महादेवी वर्गात उभी राहिली. तिला ते सांगायचा आनंद झाला होता, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

“सर, शंभरावं उत्तर दोन न्हाई वाटत. एक हाय. तिथं लोकांनी मतं टाकलीत.”

“तुला कुणी सांगितलं?”

“रेडिओवर ऐकलं. एक म्हातारी बोलत हुती. तिचं घर लढाईत जळालं, शाळेत ऱ्हाती म्हणं. बर्फातून चालत गेली मत टाकायला. म्हणली, घर न्हाई तर काय झालं, मत तर हाय.”

शेडमधल्या माणसांना तेव्हा हेही ठाऊक नव्हतं, की आपलं मत आता नेमक्या कुठल्या यादीत आहे. त्या म्हातारीची गोष्ट या पोरीच्या मनात का बसली असेल, हे समजायला काही फार मोठं डोकं लागत नाही. मला समजलं होतं. खरंच समजलं होतं! आणि माझी पाचावर धारण बसली. पुस्तिका स्टँडवर पोचली होती. मागच्या बाकावर समोरच्या क्लासची दोन पोरं येऊन बसली होती. मी मिशीला पीळ दिला आणि म्हणालो —

“ढिगाऱ्यातनं निघालेला रेडिओ तो. डोक्यावर भिंत पडलीय त्याच्या. त्याचं काय ऐकून राहिली?”

वर्ग हसला. साठ-सत्तर पोरं हसली. तीही हसली, अर्धवट, सगळे हसतात म्हणून.

हे लिहिताना पेन ठेवून मी जरा उठून आलो.

ज्या ढिगाऱ्यातून रेडिओ निघाला त्याच ढिगाऱ्यातून तिची आई निघाली होती. मला माहीत होतं. वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती खाली बसली. वहीत तिनं ‘एक’ लिहिलेलं होतं ते खोडलं आणि त्याच्यापुढं ‘दोन’ लिहिलं. मी फळ्याकडं वळता वळता ते बघितलं.

चार दिवसांनी रविवारच्या पुरवणीत फोटो आला. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, तिच्यापुढं मतपेटी, मागं खिडकीबाहेर बर्फ. खाली चांगला अर्धा कॉलम मजकूर होता : त्या मुलखात पहिल्यांदाच लोकांनी थेट अध्यक्ष निवडला, जळक्या घरांच्या रांगांमधून माणसं मतदानाला आली, वगैरे. महादेवीनं ऐकलेली म्हातारी हीच की दुसरी, कोण जाणे. मी ते कात्रण कापलं. का कापलं? उद्या वर्गात दाखवायला — असं मी स्वतःला सांगितलं. ॲटलासमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, हजेरी घेतली, भारताच्या नद्या शिकवल्या. पुढच्या दिवशी पंचायत राज. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. शंभरातला एक प्रश्न, तो थोडाच येतोय परीक्षेत?

आला.

परीक्षा सुटल्यावर पोरं नाचतच क्लासवर आली. “सर, तुमचा शंभरावा आला!” मला उचललं. समोरच्या क्लासच्या दारात ते सर उभे होते. त्यांनी तो प्रश्न शिकवलेलाच नव्हता, त्यामुळं त्यांना काही बोलता येईना. पेढे आले. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि मी खाल्ला. किती जण तिथं दोन लिहून आलेत, हे मी मोजलं नाही. आजपर्यंत मोजलेलं नाही.

निकाल लागला, तेव्हा महादेवी एका मार्कानं राहिली.

मार्कांचा कागद पोस्टानं आला, तो घेऊन ती सरळ क्लासवर आली. रडत वगैरे नव्हती. बरोबर उत्तरं तेव्हा जाहीर होत नसत, म्हणून तिनं आठवून आठवून सगळी प्रश्नपत्रिका वहीत उतरवून काढली होती आणि एकेक उत्तर पुस्तकांतून पडताळलं होतं. हिशोब लागत होता. फक्त त्या एका प्रश्नापाशी अडत होता. मी विचारलं, तू तिथं काय लिहिलंस? म्हणाली, दोन. मी म्हणालो — आणि हे मी का विचारलं, मला अजून कळत नाही — तुला तर एक वाटत होतं ना?

“तुमी सांगितलं म्हणून दोन लिवलं, सर.”

इथं सांगायचं होतं. याहून सोपी वेळ कुठली येणार होती? ॲटलास माझ्या खुर्चीमागच्या फळीवर होता. हात लांब केला असता तर पुरलं असतं. ती म्हणाली, “तुमचं बरोबर हाय ना सर? मग त्येंचं चुकलंय. मग मला एक मार्क वाढून मिळायला पायजे.” मी म्हणालो, हाव, बरोबरच आहे. अर्ज कर.

अर्ज मीच सांगितला. वर्गात नोट्स देतो त्या आवाजात. महोदय, मी खाली सही करणार. पहिल्याच वाक्यात तिला ‘भूकंपग्रस्त’ असं लिहायला सांगितलं. ती थांबली, म्हणाली, ते नको सर, त्याचं काय काम इथं? मी म्हणालो, लिही, वजन पडतं. तिनं लिहिलं. ज्या पोरीनं तीन वर्षांत एकदाही भूकंपाचं निमित्त सांगितलं नव्हतं, तिच्याकडून मी ते माझ्या खोट्याच्या अर्जात लिहून घेतलं.

काही महिन्यांनी उत्तर आलं. तुम्ही दिलेलं उत्तर चुकीचं आहे; वेगळा पुरावा असल्यास सादर करावा. पुरावा मागायला ती माझ्याकडंच आली — दुसरीकडं कुठं जाणार? मी म्हणालो, बघतो शोधून. मग तिनं विचारलं, सर, हा मुलूख नकाशात नेमका कुठं हाय? मला ॲटलास काढावा लागला. कात्रण खाली पडू नये म्हणून मी तो कसा जपून उघडला, ते मला अजून आठवतं. त्या पानावर बोट ठेवून मी तिला डोंगर दाखवले. दोन पानं पुढं ती म्हातारी होती.

असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज. एकदा ती मुंबईला परीक्षेच्या ऑफिसात जाऊन आली. दिवसभर एका बाकावर बसवून ठेवलं आणि तेच उत्तर तोंडी दिलं, म्हणाली. चिडली नव्हती. खरं आपल्याकडं आहे असं वाटणाऱ्या माणसाला धीर असतो, तो मी तिच्यात बघितला. आणि तो तिला कुणी दिला होता? तिला येताना बघितलं की मी ॲटलास फळीवर आत सरकवायचो, आणि आल्यावर बस म्हणायचो, चहा मागवायचो, अर्जातले शब्द दुरुस्त करून द्यायचो. तसं करताना मला बरं वाटायचं. मदत करतोय असं वाटायचं. इतका मी कामातून गेलो होतो.

एकदा अप्पा आले, एकटेच. धोतरात, लंगडत. ओल्या शेंगांची पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवली. म्हणाले, “पोरगी म्हणती, सर हायत तवर मला घोर न्हाई.” मग जरा वेळानं, खालच्या आवाजात — “खरं सांगू का सर, मलाबी रेडिओवर तसंच ऐकू आलतं. लोकांनी मतं टाकली म्हणून. पर आमचे कान कुठं खरं सांगतेत. तुमी शिकलेली माणसं.” मी विचारलं, ऐकता का अजून बातम्या? म्हणाले, “न्हाई. पेटीत ठिवलाय आता रेडिओ. उगं कायतरी ऐकायचं आन् लेकराला कायतरी सांगायचं.”

माणसाचे कानसुद्धा मी त्याच्याकडून काढून घेतले. शेंगा घरी नेल्या. बायकोनं उकडल्या. मीठ टाकून छान झाल्या होत्या.

मधे फौजदारकीची पुन्हा जाहिरात निघाली. मी म्हणालो, फॉर्म भर. तिनं मान हलवली. “आधी तो मार्क मिळू द्या सर. माझ्या हक्काचा हाय. फॉर्म भरला तर त्ये म्हणतील, बघा, हिनं सोडून दिलं.” तिला हलवून सांगायला हवं होतं, की पोरी, हक्काचं काही नाही तिकडं, भर फॉर्म, पळ! मी काय म्हणालो? बघ बाई, तुझी मर्जी. त्यानंतरची जाहिरात यायला फार वेळ लागला, आणि आली तेव्हा तिचं वय निघून गेलं होतं.

तिचं लग्न देवणीला झालं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही, कुणाबरोबर तरी कुकर पाठवून दिला. पुढं तिला अंगणवाडीत काम लागलं, अप्पा गेले, हे कानावर येत राहिलं. लातूर वाढलं. गल्ल्यागल्ल्यांत मेस, हॉस्टेल, अभ्यासिका. माझा क्लास तीन मजली झाला. आता मुलगा चालवतो, डॉक्टर व्हायला निघालेली पोरं येतात. क्लासच्या पाटीवर माझ्या मिशीचं चित्र आहे. मुलाची कल्पना. लोक लांबून ओळखतात, म्हणतो. मी खाली ऑफिसात एका खुर्चीवर बसून असतो, आलेल्या पालकांना नमस्कार करतो.

मागच्या जूनमध्ये ती आली. केस पांढरे झालेले, चालणं तेच. सोबत तिची मुलगी, दहावीला चांगले मार्क मिळालेली. “हेच ते सर,” ती मुलीला म्हणाली. “म्या सांगितलं न्हवं का? सरांचं उत्तर बरोबर हुतं. त्येंचं चुकलं. न्हाईतर तुझी आई आज फौजदार असती.” हे ती अगदी हसून म्हणाली. तक्रार नव्हती. अभिमान होता! तेवढी वर्षं तिनं ते तसंच जपून ठेवलं होतं. मुलाच्या हाताखालच्या माणसानं फॉर्म भरायला तिला आत बोलावलं, ती पर्स सावरत आत गेली, आणि मुलगी माझ्यासमोर उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “मी मोबाईलवर बघितलंय. आठवीत होते तवाच. लोकांनीच मतं टाकली होती तिथं.”

मी टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं. गप्प बसण्याचा मला चांगला सराव होता.

“मम्मीला सांगू नका. ती अंगणवाडीतल्या बाळांनासुद्धा सांगती, माझं बरोबर होतं म्हणून. तेवढ्यावरच उभी आहे ती.”

पंधरा-सोळा वर्षांची पोरगी. तिच्या आवाजात राग नव्हता, विनंती होती. ती मला विनवत होती. मी मान हलवली. आणि मला काय वाटलं, सांगू? लाज नाही वाटली. पश्चात्ताप नाही झाला. मला हायसं वाटलं. आता सांगायचं नाही, असं ठरलं. तेसुद्धा मी नाही ठरवलं. अगदी मोकळा श्वास घेतला मी. माझा सगळ्यात मोठा गुन्हा कुठला, असं मला कुणी विचारलं तर तो वर्गातला विनोद नाही, तो अर्जही नाही. तो श्वास.

आणि एक त्या मुलीलाही ठाऊक नाही. तिला वाटतं, आईनं चुकीचं उत्तर लिहिलं आणि ती आयुष्यभर चुकीचंच धरून बसली. आईनं पहिल्यांदा उभं राहून बरोबर उत्तर सांगितलं होतं, हे आईनं तिला कधी सांगितलेलंच नाही. बहुतेक ती स्वतःच विसरली असेल. खोडलेलं कोण लक्षात ठेवतं? मी ठेवलंय. तिच्या वहीतला तो खोडलेला ‘एक’ आज फक्त मला माहीत आहे. उत्तर एक होतं. तिनं सांगितलेलं.

फॉर्म भरून ती बाहेर आली. माझ्याकडं बघून हसली. “सर, मिशी अजून तशीच हाय की तुमची!” सवयीनं माझा हात मिशीकडं गेला. हाव, म्हणालो. दर रविवारी रंगवतो ती.

“पाया पड सरांच्या,” ती मुलीला म्हणाली. मुलगी वाकली. तिचा हात माझ्या पायांना लागला नाही. पायांच्या वीतभर अलीकडं फरशीला लागला, आणि तोच तिनं कपाळाला लावला. आई मागं उभी होती, तिला ते दिसलं नाही. मी सुखी राहा म्हणालो.